ट्रेवरचा पिवळा डाग आणि त्यामागचे दात

दात सरळ करणारे पारदर्शक अलायनर आता महानगरांपुरते राहिलेले नाहीत. आर्वीसारख्या तालुक्याच्या गावातही ते पोहोचू लागले आहेत. तारांसारखे टोचत नाहीत, चटकन कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि जेवताना काढता येतात. तक्रार मात्र हमखास एक असते : चार दिवसांत ट्रे पिवळा पडतो. मग घरगुती उपाय सुरू होतात. कोणी टूथपेस्टने खसाखसा घासतो, कोणी उकळत्या पाण्यात बुडवतो, कोणी रंगीत माउथवॉशमध्ये रात्रभर ठेवतो. या साऱ्यांत ट्रे बिघडतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

हा पिवळेपणा येतो कुठून? मुख्यतः हळद आणि चहा यांतून. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद तर भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्यात कर्क्युमिन हे रंगद्रव्य भरपूर असते. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. त्यामुळे फोडणीच्या तेलाबरोबर ते प्लास्टिकला चिकटते आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. अंगाच्या साबणाने किंवा खाण्याच्या सोड्याने धुतल्यावर तो डाग लालसर झाला तर घाबरायचे कारण नाही. शाळेत हळदीच्या कागदावर केलेला प्रयोगच तिथे पुन्हा घडलेला असतो. कपड्यावरची हळद उन्हात उडते म्हणून ट्रे वाळत घालण्याचा मोह मात्र टाळावा. हे प्लास्टिक उष्णता देऊनच दातांच्या आकाराचे केलेले असते. मे महिन्यातल्या आर्वीच्या उन्हात, तापलेल्या गाडीत किंवा गरम पाण्यात त्याचा आकार बिघडू शकतो, आणि मग तो दात हवे तिकडे सरकवत नाही.

तरीही डाग हे खरे संकट नाही. ट्रे एक-दोन आठवड्यांत बदलायचाच असतो. दात बदलता येत नाहीत. पिवळा ट्रे बहुधा एवढेच सांगतो की तो तोंडात असतानाच चहा प्यायला गेला, किंवा जेवणानंतर दात न घासताच बसवला गेला. एरवी खाल्ल्यानंतर तोंडात आम्ल तयार होते आणि लाळ ते हळूहळू निष्प्रभ करते. ट्रेखाली लाळ नीट खेळत नाही. गोड चहा आत शिरला की साखर, जंतू आणि आम्ल दाताला घट्ट धरून ठेवले जातात. दाताजवळचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे निघू लागतात. सुरुवातीला खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात, पुढे कीड लागते. हसू सुंदर व्हावे म्हणून खर्च करायचा आणि शेवटी सरळ पण किडके दात मिळवायचे, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

स्वच्छतेचा नियम साधा आहे. ट्रे तोंडात असताना फक्त साधे पाणी प्यावे. ट्रे काढला की लगेच गार पाण्याने धुवावा. लाळ वाळली की थर घट्ट बसतो. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश आणि बिनवासाचा सौम्य द्रवसाबण पुरेसा आहे. पेस्टमधल्या कणांनी ट्रेवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू व रंग दोन्ही घर करतात. खाल्ल्यावर दात घासणे शक्य नसेल तर निदान खळखळून चूळ भरूनच ट्रे बसवावा. संत्री आर्वीच्या शिवारातलीच, ती जरूर खावीत. पण ट्रे काढून, आणि नंतर चूळ भरून.

विदर्भात आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, ती म्हणजे खर्रा. त्याचे तपकिरी डाग हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा आखडते, तोंड उघडणे कमी होत जाते आणि तंबाखूसोबत कर्करोगाचा धोका वाढतो. तोंडच नीट उघडत नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा ट्रे काढणार-घालणार कसा?

म्हणूनच जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. अलायनरसोबत मिळणाऱ्या सूचनांत कॉफी आणि रेड वाइन टाळा असे लिहिलेले असते. आर्वीच्या घरात रोज शिजते ती हळदीची भाजी, आणि पाहुणा आला की चहा टळत नाही. सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय आहे, नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. पण प्रत्येक शंकेसाठी आर्वीहून तिथवर कोण जाणार? तेव्हा उपचार सुरू करण्यापूर्वीच दंतवैद्याने विचारावे : दिवसातून चहा किती वेळा होतो, खर्रा खाता का, दुपारी कामाच्या ठिकाणी दात घासायची सोय आहे का? सूचना मराठीत, हळद-चहा-खर्रा ही नावे घेऊन द्याव्यात. ट्रे रोज २० ते २२ तास तोंडात ठेवणे आणि प्रत्येक खाण्यानंतर स्वच्छता करणे ज्याला जमणार नाही, त्याला तारांचा पर्यायही मोकळेपणाने सांगावा. तारांनाही स्वच्छता लागतेच. पण त्या काढून खिशात तरी राहत नाहीत.