मगरीचे तोंड पुरे, मुकादमाची वही वाचायला शिकवा

दुसरीतल्या पोराला विचारा, ७ आणि ३ यांच्यामध्ये कोणते चिन्ह येईल? तो लगेच सांगतो, मगर मोठ्याला खाते, म्हणून तोंड सातकडे. चिन्ह बरोबर येते, मार्क मिळतो. आता त्यालाच म्हणा, ७ > ३ हे वाचून दाखव. तिथे तो अडखळतो.

यात पोराचा दोष नाही. आपली भाषा ‘पेक्षा मोठा’ हे शब्द शेवटी बोलते: सात तीनपेक्षा मोठा. चिन्ह मात्र दोन संख्यांच्या मध्ये बसते. ही चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ साली छापली गेली. इंग्रजी वाक्यात ‘मोठा’ हा शब्दही मध्येच येतो, म्हणून तिकडचे पोर डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जाते. आपल्या पोराचा डोळा एकीकडे आणि जीभ दुसरीकडे. एवढे समजावून सांगितले तरी अर्धी अडचण सरते. पण मगर आणली की शिकवणे संपले, असा समज आहे. ३ < ७ आणि ७ > ३ ही एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितली आहे, हे मगरीच्या गोष्टीत कुठेच येत नाही.

‘=’ ची गत त्याहून वाईट. ते चिन्ह ‘आता उत्तर लिही’ असे वाचले जाते. ८ + ४ = __ + ५ असे दिले की बरीच पोरे रिकाम्या जागी १२ लिहितात. तिथे ७ हवेत, कारण दोन्ही पारडी सारखी व्हायला हवीत. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह वापरले तेव्हा कारणही दिले होते: दोन समांतर रेषांइतके सारखे दुसरे काही नाही.

चळवळीचा आणि या बालवर्गाच्या गणिताचा काय संबंध, असे वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे बघावे. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या उसाच्या फडावर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. २ माणसे = १ कोयता. हे समीकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, तरी हजारो घरांचे वर्ष त्यावर चालते. बाईचा घाम त्या ‘=’ च्या आत गडप होतो. एकाने खाडा केला तरी दंड जोडीला.

आता उचल. समजा एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये आहे. २७३ टन तोडले तर ९९,९१८ रुपये होतात. ९९,९१८ < १,००,०००. उचल फिटली नाही. आणखी एक टन तोडला की १,००,२८४ होतात आणि चिन्ह उलटते. सगळा हंगाम त्या चिन्हाच्या दिशेसाठी राबायचा. आणि काट्यावर टनामागे पन्नास किलो कमी भरले तर? तोडलेले २७४ टन कागदावर २६०.३ टन होतात, मजुरी ९५,२६९ रुपये ८० पैसे. ऊस तोडला तेवढाच, पण अंगावर ४,७३० रुपये २० पैसे बाकी, आणि ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. काटामारीवर आपण भाषणे पुष्कळ करतो. वजनाची चिठ्ठी आणि वही शेजारी ठेवून तुलना करणारी पोरगी घरात असेल, तर त्या भाषणांना दात येतील.

सरकारी कागद तरी वेगळा कुठे आहे? महाडीबीटीवर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाख उत्पन्नापर्यंत मिळते, म्हणजे ≤. एक रुपया वर गेला की फ्रीशिप: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, निर्वाह भत्ता नाही. उलट आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणात ‘आठ लाखांपेक्षा कमी’ असे आहे, तिथे नुसते <. ‘पर्यंत’ आणि ‘पेक्षा कमी’ यांत एका आडव्या रेघेचा फरक, पण काठावरचे पोर त्या रेघेवर आत किंवा बाहेर होते. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा राज्यभर ओरड झाली ती योग्यच होती. पट २० असेल तर शाळा त्या यादीबाहेर, १९ झाला की यादीत. ज्या वस्तीतली पोरे आईबापासोबत फडावर जातात, तिथला पट कोणत्या महिन्यात मोजला हे विचारायला नको?

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मराठीत ‘मोठा’ म्हणजे संख्येने जास्त, वयाने थोर, पैशाने बळकट आणि जातीने वरचा, सगळे एकच. वर्गात ‘लहान संख्या, मोठी संख्या’ शिकवताना हे सगळे अर्थ सोबत येऊन बसतात. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव गणित सोडवायला फळ्याकडे निघाले तेव्हा पोरांनी फळ्यामागचे डबे हलवले, हा प्रसंग आपल्याला पाठ आहे. गणित सगळ्यांना तेच होते, माणसाला मात्र चिन्ह लावलेले होते.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. फळ्यावर लिहा: अ > ब > क > ड. ब एकीकडे लहान, दुसरीकडे मोठा. क चेही तेच. एक वर आणि बाकी सगळे सारखे खाली असते, तर खालचे केव्हाच एकत्र आले असते. साखळीत मधल्या प्रत्येकाच्या हाताखाली कुणीतरी असते, म्हणून साखळी तुटली तर त्याचेही काहीतरी जाते. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. परिषदेच्या नावातच दोन जाती शेजारी आहेत, मध्ये > नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर आपल्याच वस्त्यांत ‘कोण कुणापेक्षा पुढे’ हे भांडण रंगले आहे. आकडे मागावेत, नोकऱ्यांची आणि शिक्षणाची तुलना जरूर करावी. पण आकड्यांमधले चिन्ह उचलून माणसांमध्ये ठेवणाऱ्याला, तो कोणत्याही बाजूचा असो, तिथेच थांबवावे.

विहारात रविवारचा वर्ग घेणाऱ्यांनी मगर बाजूला ठेवून तराजू आणावा. खडे टाकून आधी पारडे बघू द्यावे, मग तेच वाक्य मराठीत बोलून घ्यावे, चिन्ह सगळ्यात शेवटी. मोठ्या पोरांना घरचा हिशेब द्यावा. टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक घरात एक वही हवी: पहिल्या पानावर उचलीचा आकडा आणि तारीख, पुढे दर खेपेचे वजन, पोराच्या किंवा पोरीच्या हस्ताक्षरात.

जय भीम!