तीन छायाचित्रें आणि एक तळें

धामापूरच्या तळ्याचें छायाचित्र काढणें सोपें आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें तें भर दुपारीं, कांठावरील श्रीभगवतीच्या देवळाच्या छपराखालीं सावलींत उभें राहून काढून पाहावें. आंतील खांब आणि भिंत नीट उमटावी असें केलें, तर तळें, पलीकडील झाडी व आकाश हीं सर्व पांढरीं फटक पडतात. बाहेरचें सांभाळावें, तर देऊळ काळोखांत बुडतें. आपल्या डोळ्यांस मात्र दोन्ही दिसतात. कारण डोळा एका क्षणांत सर्व कांहीं टिपीत नाहीं. तो उजेडाकडे वळला कीं बाहुली बारीक करितो, अंधाराकडे वळला कीं मोठी करितो, आणि हे निरनिराळे तुकडे सांधून मन आपणांस एक अखंड देखावा दाखवितें.

कॅमेऱ्यास ही सोय नाहीं. चांगल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरनें एका वेळीं टिपलेला उजेड सर्वांत गडद जागेपासून सर्वांत उजळ जागेपर्यंत बारा ते चौदा वेळां दुप्पट होतो. त्यापलीकडे एक तर शुद्ध काळें, नाहीं तर शुद्ध पांढरें. यावरील उपाय म्हणजे एकाच देखाव्याचीं अनेक छायाचित्रें निरनिराळे एक्स्पोझर देऊन घ्यावयाचीं व तीं एकत्र करावयाचीं. यासच हाय डायनॅमिक रेंज किंवा एच.डी.आर. छायाचित्रण असें नांव आहे. नांव भारदस्त आहे, पण काम शाळकरी मुलास जमण्याजोगें आहे. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा. भिंगाचें छिद्र, फोकस आणि रंगाची जुळणी एकदां ठरवून मग त्यांस हात लावूं नये. बदलावयाचा तो केवळ शटरचा काळ. पहिलें चित्र सेकंदाच्या १/२५० भागाचें, दुसरें १/६० चें, तिसरें १/१५ चें, म्हणजे प्रत्येक वेळीं प्रकाश सुमारें चौपट. छिद्र बदलून प्रकाश वाढविल्यास जवळच्या व दूरच्या वस्तूंचा रेखीवपणा बदलतो आणि चित्रें एकमेकांवर बसत नाहींत. पहिल्यांत आकाश चांगलें येतें, दुसऱ्यांत झाडी, तिसऱ्यांत देवळाची भिंत. संगणक प्रत्येक जागीं ज्या चित्रांत सर्वांत अधिक तपशील असेल त्यास अधिक वजन देऊन तिघांचें एक करितो. एन्फ्यूजसारख्या मोफत मिळणाऱ्या साधनावर हें काम घरीं होतें.

ही कल्पना कालची नव्हे. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५० नंतरच्या दशकांत समुद्राची एक कांच व आकाशाची दुसरी कांच घेऊन तीं एकाच कागदावर छापलीं. त्या काळच्या कांचांवरील रसायन निळ्या रंगास फार लवकर वश होई, म्हणून समुद्र उमटेपर्यंत आकाश जळून जाई. त्यास दुसरा मार्गच नव्हता. आपल्याकडेहि ही विद्या लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींतील एक उत्साही छायाचित्रकार होते, आणि हें घराणें तेरेखोलपलीकडील मांद्रें गांवचें, म्हणजे आपल्या शेजारचेंच. पुढें १९९७ सालीं पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक या दोघांनीं अशा अनेक चित्रांवरून देखाव्यांतील खऱ्या प्रकाशाचें प्रमाण गणितानें कसें काढावें तें दाखविलें. २००७ सालीं मेर्टेन्स, काउट्झ व व्हान रीथ यांनीं तें गणित टाळून चित्रेंच थेट मिसळण्याची सोपी रीति दिली.

आतां पालक म्हणतील, हें सर्व तर खिशांतील मोबाइल आपोआप करितो. मुलांनीं वेळ कां दवडावा? आमचें उत्तर असें कीं, मोबाइल निवड करितो खरी, पण ती कोणाची निवड? कोणती सावली राखावी व कोणती उजळावी हें दूर कोठें तरी कोणी अगोदरच ठरवून ठेविलेलें असतें, आणि त्यास कोंकणांतलें कौलारू घर ठाऊक नसतें. जांभ्याच्या भिंतीआडचा गारवा चित्रांत जाणवतो तो तेथील काळोखामुळें. तो काळोख पुसून टाकला कीं माजघर दुकानासारखें दिसूं लागतें. जो मुलगा किंवा मुलगी तीन चित्रें स्वतः घेईल, तिला हा निर्णय स्वतः करावा लागेल. आणि काय घालविलें हें तिला ठाऊक असेल.

दुसरी एक गोष्ट. हीं चित्रें एकत्र केलीं कीं त्यांतील प्रकाशाचा आवांका कागदास झेपत नाहीं. छापील कागदावर पांढऱ्या-काळ्याचें प्रमाण जेमतेम शंभरास एक असतें. म्हणून तो आवांका दाबून बसवावा लागतो, आणि बहुतेक अनर्थ येथेंच घडतो. जांभळे ढग, विजेच्या दिव्यासारखें हिरवें पाणी, माडांभोंवतीं पांढरी प्रभावळ अशीं आपल्या तळ्याचीं चित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तळ्यांत होडी चालत असली तर ती तीन जागीं, भुतासारखी अर्धवट उमटते. ल ग्रेसुद्धां निर्दोष नव्हता. त्यानें एकाच आकाशाची कांच निरनिराळ्या समुद्रांवर वापरली. तेथें तें कलेचें काम होतें, चालून गेलें. परंतु धामापूरचें तळें हें नुसतें सुंदर स्थळ नव्हे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं तें १५३० सालीं मातीचा बांध घालून बांधविलें असें सांगतात, आणि २०२० सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व निस्सारण आयोगानें त्याची जागतिक वारसा सिंचन-स्थळांत गणना केली. पाणी कोठवर होतें, बांधावर कोणतीं झाडें होतीं, हें उद्यां कोणी विचारील तेव्हां चित्र हाच पुरावा ठरेल. रंगविलेला पुरावा कोण मानील?

यास्तव आमची सूचना आहे कीं शाळेनें या तळ्याचा एक चित्रसंग्रह ठेवावा. बांधावरील एक जागा खुणेनें ठरवून तेथूनच दरवर्षीं मिरगापूर्वीं एकदां व पाऊस सरल्यावर एकदां तीन-तीन चित्रें घ्यावींत. एकत्र केलेल्या चित्राशेजारीं मूळचीं तिन्हीहि जपावींत, आणि खालीं दिवस, वेळ व शटरचे तिन्ही काळ लिहावेत. एखादी तिवई शाळेस कोणी पालक सहज देऊं शकतील. विद्यार्थ्यांची पाळी इयत्तेप्रमाणें लावावी, आणि पहिला संच येत्या मिरगापूर्वीं घ्यावा.