दीक्षा द्यायची कोणी?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे, पण बरेच दिवस डोक्यात खदखदतोय.

मावशी परवा फोनवर म्हणाली, "पास्टर म्हणजे त्यांच्यातले भटजीच ना रे?" नाही गं मावशी, निदान बाप्टिस्टांच्यात तरी नाही. तिथे पाळकपण जन्माने मिळत नाही, वरून कोणी बिशप येऊन ते देतही नाही. ज्या मंडळीने माणसाला जवळून पाहिलंय, तीच म्हणते, 'याला देवाचं बोलावणं आहे.' मग आधी दीक्षा झालेले काही जण त्याची श्रद्धा आणि वागणूक तपासतात, मंडळी मान्यता देते आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते. पदवी असलीच पाहिजे असं नाही. एकोणिसाव्या शतकात लंडन गाजवणाऱ्या स्पर्जननी तर दीक्षाविधीच नाकारला होता.

मला ही पद्धत मनापासून आवडते. म्हणूनच अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट महासंघाने तिचं जे केलं, त्याचा राग येतो.

लैंगिक अत्याचार करणारे पास्टर एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा पाळक होत होते. पीडितांनी मागणी केली की अशांची एक यादी ठेवा. २००८ साली महासंघाच्या कार्यकारी समितीने नकार दिला. कारण काय, तर प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, आम्ही कोण सांगणार! आणि २०२२ च्या चौकशी अहवालातून काय बाहेर आलं? समितीच्या कार्यालयात अशी यादी गुपचूप ठेवलेली होती. तीत शेकडो नावं होती.

आता दुसरी बाजू बघा. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चने २०२१ साली आपल्याकडे वर्षानुवर्षं काम केलेल्या तीन स्त्रियांना दीक्षा दिली. पुढे एक स्त्री तिथे पास्टर म्हणून उपदेशही करू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये महासंघाने सॅडलबॅकला बाहेर काढलं आणि जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात अपीलही फेटाळलं. तेव्हा स्वायत्तता कुठे गेली होती?

यावर उत्तर तयार असतं. पास्टरपद पुरुषांसाठीच, हे महासंघाने २००० सालीच आपल्या श्रद्धा-निवेदनात लिहिलंय आणि कोणाला सभासद ठेवायचं हे संघटनेने ठरवायचं. बरं, मान्य. पण सभासदत्व काढून घेण्याचा अधिकार होता, तर तो अत्याचाऱ्यांना पाठीशी घालणाऱ्या मंडळ्यांवर इतकी वर्षं का नाही वापरला? तशी कारवाई सुरू व्हायला २०२० उजाडावं लागलं. आणि सावधगिरीची यादी ठेवायला तर कोणाचीच स्वायत्तता मोडावी लागत नव्हती.

गंमत म्हणजे याच महासंघाची परदेशी मिशनकार्यासाठीची नाताळची वर्गणी लॉटी मून या बाईंच्या नावाने गोळा होते. चीनमध्ये आयुष्य वेचलेल्या बाई! नाव चालतं, पैसे चालतात, पण डोक्यावर हात ठेवायची वेळ आली की नियम आठवतात.

माझं म्हणणं साधं आहे. दीक्षा म्हणजे ओळखीची साक्ष. 'या माणसाला आम्ही ओळखतो, त्याच्यावर विश्वास ठेवा,' असं सांगणं. ती साक्ष खोटी ठरली तर सगळ्यांना कळवायला हवं आणि खरी असेल तर ती बाईसाठी दिली म्हणून खोटी ठरत नाही. स्वायत्तता पाळायची तर दोन्हीकडे पाळा. सोयीपुरती पाळायची असेल, तर तिला तत्त्व म्हणू नका.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा!