दोन नागठाणी आणि एक शारदा

मराठीच्या प्राध्यापकाची उन्हाळी सुट्टी म्हणजे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून उरलेले पंधरा दिवस. त्यांतले चार दिवस यंदा मी कुटुंबाला बहाल केले. सौ.ला महाबळेश्वर हवे होते, चिरंजीवांना गोवा, आणि आठवीतून नववीत गेलेल्या कन्येला कुठेच जायचे नव्हते. शेवटी निकाल लागला तो आईच्या मताने.

"मला सांगलीला ने. तिथं हौशी मंडळी 'शारदा' करतायत," ती म्हणाली. बातमी तिला मिरजेच्या भाचीने फोनवर दिली होती.

शहात्तर वर्षांच्या बाईने दुखरे गुडघे घेऊन पुण्याहून दोनशेहून अधिक किलोमीटर मोटारीने नाटकाला जायचे म्हणावे, हे मला आमच्या घरातल्या वाङ्मयीन संस्कारांचे फळ वाटले. ते संस्कार अर्थातच मी केलेले! वाचकहो, एवढा अहंकार प्राध्यापकाला माफ असावा. पगाराखालोखाल तेवढीच तर त्याची मिळकत.

पहिला मुक्काम साताऱ्याचा. वाटेत लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली. शाहू महाराजांच्या काळातल्या त्या विहिरीच्या पोटात चक्क दगडी दालन आहे. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि आत गारवा. "बाबा, आपण इथेच राहू या," असा चिरंजीवांनी ठराव मांडला. संध्याकाळी अजिंक्यतारा झाला, खमंग भाजलेल्या खव्याचे कंदी पेढे झाले, आणि बांधून घेतलेले पेढे रात्रीतच संपले. कोणी संपवले याची चौकशी अद्याप चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडच्या रस्त्याला लागलो. थोड्या वेळाने 'नागठाणे' अशी पाटी दिसली आणि माझ्यातला अध्यापक जागा झाला. गाडी चहाच्या टपरीपाशी थांबवून मी मुलांना खाली उतरवले. "या मातीला नमस्कार करा! १८८८ साली याच नागठाण्यात बालगंधर्वांचा जन्म झाला." मुलांनी मुकाट्याने नमस्कार केला.

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "सायेब, त्ये न्हवं ह्ये. बालगंधर्वांचं नागठाणं तिकडं सांगलीकडं, पलूस तालुक्यात. तुमच्यासारखी लई मंडळी हितं उतरत्यात." वर "चहा तेवढा घ्या, त्यो खरा हाय," असा दिलासाही दिला.

सौ. त्या हशातून सांगलीपर्यंत सावरली नाही. मी मात्र वीस वर्षे वर्गात 'सांगली जिल्ह्यातील नागठाणे' असे बिनचूक सांगत आलो होतो. पुस्तकातले गाव पाठ होते. रस्त्यावरचे गाव समोर आले आणि फसलो.

सांगलीत मी ही भरपाई करायचे ठरवले. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले ते इथेच. त्या प्रयोगाची ५ नोव्हेंबर ही तारीख रंगभूमी दिन म्हणून आपण पाळतो, वगैरे सगळे सांगून टाकले. मुले लसणीचे भडंग खात होती. त्यांनी मान डोलावली ती माझ्या व्याख्यानाला की भडंगाला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

नाटक रात्री होते, म्हणून दुपार कलल्यावर हरिपूरला गेलो. सांगलीला खेटून असलेले हे गाव गोविंद बल्लाळ देवलांचे. पूर्वी इथे जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. संगमेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही घाटावर आलो. समोर कृष्णेला वारणा मिळते. उन्हाळ्याचे पाणी, संथ आणि थोडे. आई पायरीवर बसली आणि नातीकडे बघत राहिली.

"माझी आत्या हिच्याहून दोन वर्षांनी लहान होती," ती म्हणाली, "लग्न झालं तेव्हा."

मी आत्याआजीला लहानपणी पाहिले होते. लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली, सदा चुलीपाशी, पदे गुणगुणणारी. यापलीकडे काही ठाऊक नव्हते. आईने सांगितले ते असे. बालविवाहाला बंदी करणारा कायदा १९२९ मध्ये झाला, पण लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. त्या घाईत बारा वर्षांची आत्या पन्नाशीच्या बिजवराला दिली गेली. सहा वर्षांनी ती परत आली ती पांढऱ्या कपाळाने, आणि पुढली पन्नास वर्षे भावाच्या घरी राबली.

त्या कायद्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणत. तो आणणारे गृहस्थ हरबिलास सारडा. पण माझे निम्मे विद्यार्थी ते नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असे लिहितात आणि मी त्यांचे गुण कापतो. त्या पायरीवर बसल्या बसल्या ते कापलेले गुण मला आठवले.

"तिला सगळी पदं पाठ होती," आई सांगत होती. "नाटक मात्र कधी पाहिलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा म्हटलं, आत्या, चल, मी तिकीट काढते. तर म्हणाली, पाहून काय करू? त्यातली शारदा सुटते."

कन्येने आजीचा हात धरला. नेहमी काहीतरी बोलणारा मी गप्प होतो.

रात्री भावे नाट्यमंदिरात प्रयोग झाला. भुजंगनाथाची मिशी एकदा सुटली, पेटी एकदा गायकाच्या पुढे पळाली. पण मंडळी जीव ओतून करीत होती. म्हाताऱ्याच्या फजितीला सभागृह हसले, आई हसली नाही. वर आणि वधू सगोत्र निघतात, लग्न मोडते, शंकराचार्यांच्या संमतीने शारदा कोदंडाला मिळते. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "सुटली बाई!" पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. निघताना तिने तिकिटाचा तुकडा घडी करून बटव्यात ठेवला.

परत येताना तिने हरिपूरच्या वाटेवर घेतलेली हळद मांडीवर ठेवली होती. मी गाडी चालवीत होतो आणि माझी टिपणे आठवीत होतो. १८९९ च्या या नाटकाविषयी मी दरवर्षी सांगतो: शेवट ओढूनताणून सुखान्त केलेला आहे, सगोत्राचा योगायोग नाट्यदृष्ट्या दुबळा आहे. हे खोटे नाही. पण योगायोगावाचून त्या काळी मुलगी सुटतच नव्हती, हे माझ्या टिपणात कुठेच नव्हते.

जुलैमध्ये 'शारदा' शिकवायला घेतले. शेवटाविषयीचे मत नेहमीप्रमाणे सांगितले, आणि त्यापुढे नाव न घेता आत्याआजीचे ते वाक्यही सांगितले. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

"दोन्ही लिहा," मी म्हणालो. "गुण कापणार नाही."