खंडोबाचा किडा जेवत नाही तेव्हा

भात पिवळं पडायला लागलं की येळ्ळूरच्या शिवारात सुगीची चाहूल लागते आणि त्याच सुमाराला आमच्या गल्लीतल्या पोरांच्या हातांत काचेच्या बरण्या दिसू लागतात. बरणीत हिरवागार, लांब मानेचा, पुढचे दोन पाय जोडून बसलेला एक किडा असतो. मराठी घरात तो खंडोबाचा किडा, शाळेच्या पुस्तकात प्रार्थना कीटक आणि शेजारच्या कन्नड घरात ‘सूर्यन कुदुरे’, म्हणजे सूर्याचा घोडा. नावं वेगळी असली तरी दोन्ही घरांतल्या मुलांची तक्रार मात्र एकच असते. “सर, तीन दिवस झाले, काय खाईनाच बघा!”

मी पडलो मराठीचा मास्तर. पण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राचे सहकारी शेजारच्याच खुर्चीवर बसतात आणि जिज्ञासेला विषयाची अट नसते. शिवाय परदेशात हा कीटक हौसेनं पाळतात, त्याच्यासाठी चिलटं आणि रातकिडे दुकानात विकत मिळतात. त्यामुळे तो का जेवत नाही, याचा अभ्यास बराच झालेला आहे. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा पक्का मांसाहारी आहे. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण त्याला लागू नाही. बरणीत कोथिंबीर, काकडी किंवा चपातीचा तुकडा टाकून उपयोग नाही. मेलेली माशीही तो सहसा घेत नाही, कारण त्याची नजर हालचालीवर बेतलेली आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड आणि विवेक नित्यानंद यांच्या गटानं या किड्याच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणानं एक हिरवी आणि एक निळी अशी इवलीशी चष्म्याची भिंगं चिकटवली आणि त्याला पडद्यावर सिनेमा दाखवला. आपल्यासारखं खोलीचं अंतर त्यालाही कळतं, हे त्यातून 2016 साली सिद्ध झालं. पुढे 2018 मध्ये असंही दिसलं, की तो हे अंतर मुख्यतः हलणाऱ्या गोष्टीवरून ओळखतो. म्हणजे जे हलत नाही, ते त्याच्या लेखी ताटात वाढलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट घासाच्या आकाराची. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला चिलटं पुरतात. पिकल्या केळ्याची साल बाटलीत ठेवली की ती आपोआप जमतात. किडा जरा वाढला की घरमाशी, लहान पतंग, छोटा नाकतोडा चालतो. शिकार त्याच्या अंगाच्या निम्म्याहून मोठी नसावी, नाहीतर शिकारीच भिऊन मागे सरतो. मुंग्या तर टाकूच नयेत. त्या बहुधा खाल्ल्या जात नाहीत, उलट अडचणीच्या वेळी त्याच त्याच्यावर तुटून पडतात.

ती अडचणीची वेळ म्हणजे कात टाकण्याची. न जेवण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच असतं. हा किडा मोठा होईपर्यंत साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकतो. त्याआधी एक-दोन दिवस, मोठ्या वयात कधी आठवडाभरही, तो अन्नाला तोंड लावत नाही. मंद होतो, उलटा लटकून राहतो. शेवटच्या काती आधी पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेले दिसतात.

गेल्या सुगीत आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या एका मुलीची बरणी अशीच माझ्याकडे आली. तिची आई खानापूरकडची, मराठी. आजी बैलहोंगलची, कन्नड. आमच्या सीमाभागातल्या कितीतरी घरांसारखंच हे घर. “जेवलास का?” आणि “ऊटा आतेन्री?” हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच उंबऱ्यावर विचारले जातात, आणि कुणी नको म्हटलं की घरभर काळजी पसरते. आईचं म्हणणं, किडा आजारी आहे, सोडून दे. मुलीनं तर त्याच्या तोंडाशी माशी दाबून भरवायचा हट्टच धरला होता. आजी तेवढी शांत होती. म्हणाली, “हसिवु इल्ला, बिडु.” भूक नाही त्याला, राहू दे.

आजीचं खरं होतं. पंखांचे कोंब चांगले फुगले होते. अडचण जेवणाची नव्हती, जागेची होती. लोणच्याची ती बुटकी बरणी, आतून गुळगुळीत काच, वर प्लॅस्टिकचं झाकण. कात टाकताना किडा वरून उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. पकडायला खरबरीत छत आणि खाली त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी मोकळी उंची हवी. नाहीतर तो मध्येच पडतो, पाय वाकडे होतात, आणि असा अधू झालेला किडा पुढे शिकारच करू शकत नाही. आम्ही एका उंच डब्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आत एक काटकी उभी केली आणि बरणीतला जिवंत रातकिडा आधी बाहेर काढला. न खाल्लेली शिकार आत ठेवली, तर ती कात टाकणाऱ्या असहाय किड्यालाच कुरतडू शकते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाळीला पांढरी कात लटकत होती आणि शेजारी लांब पंखांचा किडा बसला होता. त्यानंतरही दोन-तीन दिवस अन्न द्यायचं नाही, नवी कातडी टणक होऊ द्यायची, हे त्या मुलीला पटवायला मात्र मला वर्गात शिकवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले!

थंडी हे आणखी एक कारण. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. दिवाळीनंतर रात्री चांगल्याच गार होतात. या किड्याला साधारण 24 ते 30 अंश तापमान मानवतं. गारठ्यात त्याचं पचन मंदावतं आणि भूकही. डबा उबदार खोलीत ठेवावा, पण थेट उन्हात नको. आपल्या दक्षिण भारतात वाळक्या पानासारखा दिसणारा, व्हायोलिनच्या आकाराचा एक प्रकार आढळतो, शास्त्रीय नाव गॉन्जिलस. त्याला तर ऊब जास्तच लागते, आणि खायलाही उडणारी माशी किंवा पतंगच हवा. सरपटणारं तो बहुतेक नाकारतो.

कधी भुकेपेक्षा तहान मोठी असते. वाटीतलं पाणी तो पीत नाही. काडीवर, जाळीवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडले की दवासारखे चाटतो. आणि कधी पोट खरंच भरलेलं असतं. पोट गुबगुबीत दिसत असेल तर दोन-तीन दिवसांनी एक शिकार पुरते. पोट सपाट आणि तरीही अन्नाला नकार, असं असेल तरच काळजी. अशा वेळी माशी फोडून तिचा ओलसर भाग चिमट्यानं हळूच तोंडाला लावावा. चव लागली की पुष्कळदा तो स्वतःच धरून खातो. वयात आलेला नर मादीपेक्षा कितीतरी कमी खातो, हेही लक्षात असू द्यावं. आणि एका डब्यात दोन किडे कधीच ठेवू नयेत. उपाशी कोण आणि घास कोण, ते सकाळी कळतं.

आता सगळ्यांत गंभीर कारण, विष. किडा काळपट ओकारी टाकू लागला, पाय थरथरू लागले, तर संशय आधी तिथेच घ्यावा. भातावर तुडतुडे, खोडकिडा पडला की फवारणी होते. फवारलेल्या शेतातला अर्धमेला नाकतोडा सहज हाती लागतो, म्हणून मुलं तोच आणतात. घरातही धोका आहेच. झुरळांच्या खडूची रेघ ओलांडून आलेलं झुरळ, किंवा डब्याशेजारीच रात्रभर जळणारी डासांची कॉइल. जे औषध डासाला मारतं, ते खंडोबाच्या किड्याला ओळखून सोडत नाही.

या किड्याला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. तो पिकावरची कीड खातो तशी मधमाशी आणि फुलपाखरूही खातो. पण ज्या बांधावर तो पोटभर जेवून जगतो, तिथे खाण्याजोगं आणि विषमुक्त असं बरंच काही शिल्लक आहे, एवढं नक्की. बरणीतला किडा मेला तर मूल दोन दिवस रडेल. बांधावरचा दिसेनासा झाला, तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

त्या मुलीचा किडा मादी निघाला. महिन्याभरानं तिनं डब्यातल्या काटकीवर फेसासारखा पुंजका घातला आणि तो वाळून टणक झाला. पुढे तिचं खाणं हळूहळू कमी होत गेलं, पायांची टोकं झडली. मोठेपणीचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं. त्या न जेवण्यावर उपाय नव्हता. मुलीनं विचारलं, “आता काय करायचं, सर?” मी सांगितलं, पाणी शिंपडत राहा, बाकी काही नको.

पालकांना एवढंच सुचवतो, की बरणी फेकून देऊ नका. उंच डबा, जाळी, एक काटकी आणि न फवारलेल्या परसातली माशी एवढ्यात काम भागतं. मुलाला सांभाळणं जमेना झालं, तर किड्याला फवारणी नसलेल्या कुंपणावर सोडून द्यावं. आणि तो जेवत नसेल, तर भरवायच्या आधी त्याचं पोट, पाठ आणि डबा नीट पाहायला मुलाला शिकवा.