शॉकअप: स्वस्त, महाग आणि खोलण्याचा हिशोब

पावसाळा संपला की गाडीवाल्यांच्या गप्पांत एक विषय दरवर्षी हटकून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये खड्ड्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं. दसऱ्याच्या आसपास गाडी गॅरेजला जाते आणि मिस्त्रीचा फोन येतो, "साहेब, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. लोकल टाकू की कंपनीचे?" पाठोपाठ दोन आकडे. एक आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि हा निर्णय आपण हपिसात, दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत घ्यायचा असतो.

यावर लोकांचे दोन गट पडतात. पहिला म्हणतो, "गाडीला कंपनीचाच पार्ट लागला पाहिजे, पैशाकडे बघू नये." दुसरा म्हणतो, "सगळे नावाचे पैसे घेतात, आत तेल आणि नळीच तर असते." माझं मत विचाराल तर दोघेही भलत्याच गोष्टीची किंमत मोजतायत. नुसती पार्टची किंमत बघून काही कळत नाही. तो पार्ट बदलायला काय काय खोलावं लागतं आणि ही गाडी अजून किती वर्षं तुमच्याकडे राहणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. बरीचशी उत्तरं तिथेच मिळतात.

आधी थोडं तांत्रिक, कंटाळू नका. 'शॉक अब्सॉर्बर' हे नावच मुळात फसवं आहे. खड्ड्याचा धक्का घेते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला एकदा दाबलं की ती वरखाली नाचत राहते. तो नाच थांबवणं हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, त्यात पिस्टन आणि पिस्टनला बारीक व्हॉल्व्ह. चाक हललं की तेल त्या बारीक वाटांतून जबरदस्तीने जातं आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. शिवाय आत दाबाखाली नायट्रोजन भरतात, म्हणजे तेलाला फेस येत नाही. फेस आला की पिस्टनला विरोधच उरत नाही.

गाडीची बॉडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होऊ पाहते, तर चाक दहा ते पंधरा वेळा. शॉकअपला दोन्ही सांभाळायचं असतं. बॉडीचं हेलकावणं आपल्याला पोटात जाणवतं. चाकाचं थरथरणं मात्र फारसं जाणवत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. शॉकअप मेलेला असेल तर खराब रस्त्यावर चाक क्षणभर रस्ता सोडतं. त्याच क्षणी ब्रेक दाबला असेल तर हवेतलं चाक लगेच लॉक व्हायला लागतं, एबीएसला वाटतं चाक घसरतंय, आणि ते ब्रेक सैल करतं. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणजे हा प्रश्न निव्वळ आरामाचा नाही, ब्रेकचा आहे. आणि शॉकअप एका दिवसात जात नाही, हळूहळू जातो. रोज गाडी चालवणाऱ्याला तो बदल कळतच नाही, त्याला त्या गाडीची सवय झालेली असते.

आता स्वस्त आणि महाग यात फरक कशाचा? पिस्टनच्या दांड्यावरचं क्रोम किती चांगलं, तेलाचं सील किती टिकाऊ, तेल गरम झाल्यावर किती पातळ होतं, आणि व्हॉल्व्ह त्या गाडीच्या वजनाप्रमाणे बसवलाय की 'साधारण सगळ्यांना चालेल' असा. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. दिसतो तो काळा रंग, आणि तो दोन्हींचा सारखाच चकचकीत. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. डेमोमध्ये सगळी सॉफ्टवेअर्स सारखीच चालतात.

दुसऱ्या गटाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यात मिळणारा शॉकअप बहुतेक वेळा त्या कंपनीने बनवलेला नसतो. शॉकअप बनवणारे वेगळेच असतात. आपल्या पुण्याचंच उदाहरण म्हणजे गेब्रियल इंडिया. १९६१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा कारखाना चाकणला आहे. ती गाड्यांच्या कंपन्यांनाही माल देते आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकते. केवायबी, मन्रो ही नावंही बाजारात आहेत. त्यामुळे 'कंपनीचा' आणि 'लोकल' यांच्या मधे एक तिसरा पर्याय असतो: नावाजलेल्या उत्पादकाचा, त्याच्याच डब्यातला माल. मिस्त्री तो आपणहून सांगेलच असं नाही, आपण विचारायचा. मला विचाराल तर रोजच्या गाडीसाठी बहुतेकांनी इथेच थांबावं. बिल्स्टीन, कोनी वगैरे नावं उत्तम आहेत, पण कोथरूड ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या हॅचबॅकला त्यांची गरज नाही.

आता हिशोब. आकडे समजा म्हणून घेतोय, तुम्ही तुमच्या गाडीचे घाला. पुढची स्वस्त जोडी ३,००० रुपये, चांगली जोडी ६,०००. लेबर आणि अलाइनमेंट मिळून २,५००. चांगल्या जोडीबरोबर वरचे माउंट, बम्पस्टॉप, डस्ट कव्हर नवीन घातले तर आणखी १,५००. म्हणजे स्वस्त काम ५,५०० मध्ये झालं, चांगलं काम १०,००० मध्ये. पहिल्या दिवशी ४,५०० वाचले. पण स्वस्त जोडी दोन पावसाळ्यांत गेली की पुन्हा ५,५००. एकूण ११,०००. दुसऱ्यांदा गाडी खोलल्या क्षणी स्वस्त हे महाग झालं. कारण लेबर पार्टची किंमत बघत नाही. ते दर वेळी तेवढंच लागतं, आणि गाडी एक दिवस गॅरेजमध्ये अडकते ती वेगळीच.

आता यातली गंमत बघा. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना फोर्डने १९५० च्या सुमारास आपल्या गाड्यांत आणली. यात शॉकअप, स्प्रिंग आणि वरचं माउंट असा एकच खांब असतो आणि स्टिअरिंग फिरवलं की तो खांबच फिरतो. तो काढायचा म्हणजे चाक, ब्रेकचा पाइप, खालचे बोल्ट, वरचे नट, मग स्प्रिंग दाबायचं शिकंजं, असं सगळं करावं लागतं. लोक काय करतात, तर सहा हजारांचा चांगला शॉकअप घेतात आणि वरचं काही शे रुपयांचं रबर माउंट जुनंच ठेवतात, "अजून चाललंय" म्हणून. सहा महिन्यांनी स्टिअरिंग वळवताना 'कट्-कट्' आवाज यायला लागतो आणि त्या रबरासाठी पूर्ण खांब पुन्हा खाली उतरतो. तेव्हा पुढचा नियम साधा ठेवा: एकदा खोललं की त्या खांबातलं झिजणारं सगळं नवीन.

उलट बाजूनेही हाच नियम लावा. बऱ्याच हॅचबॅकना मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, थोडेसे बोल्ट काढले की तो हातात येतो. लेबर कमी. लिंक रॉडचंही तसंच, दोन नट. तिथे मध्यम दर्जाचा माल घालून वर्ष-दोन वर्षांनी बदलला तरी फार बिघडत नाही. मात्र बॉल जॉइंट आणि लोअर आर्म इथे काटकसर अजिबात नको. लिंक रॉड गेला तर खडखड होते. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं. तिथे लेबरचा हिशोबही करू नका.

दोन 'जुगाडां'बद्दल बोललंच पाहिजे. पहिला म्हणजे रिपेअर केलेला शॉकअप. छोट्या गाड्यांचे शॉकअप सीलबंद असतात. त्याला भोक पाडून तेल भरायचं, वेल्डिंगने बंद करायचं आणि रंग मारायचा. झिजलेला व्हॉल्व्ह आत तसाच, गॅसचा मूळ दाब गेलेला. दुसरा, स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचं रबरी बफर. गाडी बसली, खाली घासते, तर ती उंच करायला. पण ते वेटोळं अडकल्यामुळे स्प्रिंग कडक होते, उरलेल्या वेटोळ्यांवर जास्त ताण येतो, आणि शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला असतो. स्प्रिंग बसली असेल तर स्प्रिंगच बदलावी.

आणि बसवणं! उत्तम पार्टची माती इथे होते. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना घट्ट केले, तर गाडी खाली ठेवल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. शॉकअपचा दांडा पकडीने धरला तर क्रोमला ओरखडा पडतो आणि पहिल्या महिन्यात सील गळायला लागतं. मग दोष येतो पार्टवर. म्हणून मिस्त्रीला पार्टची किंमत विचारण्याआधी हे विचारा, "बुश गाडी खाली ठेवून आवळता ना? अलाइनमेंट नंतर करणार ना?" उत्तर ऐकून माणूस कळतो. आणि शॉकअप नेहमी जोडीने बदला, एका बाजूचा नवा नि एका बाजूचा जुना असं नको.

"बिल नको घेऊ, जीएसटी वाचेल" हा मोह पण टाळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. म्हणजे वाचणारी रक्कम तशीही कमी झालीय. पुण्यात नाना पेठेत काय किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला काय, अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी मिळतात. बिल नसेल तर वॉरंटी नाही, आणि डबा अस्सल असला तरी आतला माल अस्सल आहे हे सांगणारा कोणी नाही.

मग स्वस्त कधी घ्यावं? घ्यावं की! गाडी वर्षभरात विकणार असाल, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊन रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं की नाही हा विचार चालू असेल, तर दहा वर्षं टिकणारा पार्ट कुणासाठी घालताय? गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जात असेल, तरी तेच. फक्त तिथेही ज्ञात कंपनीचा, बिलासकट, त्यातल्या त्यात स्वस्त घ्यावा. रिपेअर केलेला नाही. हातात पैसे कमी असतील तर? पुढचे आत्ता चांगले घाला, मागचे दोन पगारांनंतर. चारही स्वस्त घालण्यापेक्षा हे बरं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा विचार कोण करतो, रस्तेच असे आहेत. खरंय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे २५ च्या वेगाने सुखाने ओलांडता येतो. आमच्या सोसायटीच्या फाटकातला बघितलात तर तो बांध वाटेल. रस्ते आपल्या हातात नाहीत. मिस्त्रीला फोनवर काय सांगायचं, ते आहे.

आणि एक लक्षात ठेवा. निर्णय आपण घेतो, पण त्या गाडीत बऱ्याचदा आपण नसतो. आठवडाभर आपण कंपनीच्या बसने जातो आणि गाडी बाबा चालवतात, नातवाला शाळेत सोडतात, दिवाळीला ताम्हिणी घाटातून कोकणात नेतात. घाटाच्या वळणावर समोर अचानक म्हैस आली की ब्रेक ते दाबणार. फोनवर "लोकल टाका" म्हणण्याआधी एवढं डोक्यात असलं तरी पुरे.

असो. पुढच्या वेळी मिस्त्रीने दोन आकडे सांगितले की त्याला तिसरा विचारा: "आणि हे परत खोलायला लागलं तर किती?"