परत कधी जाणार?

अहिल्यानगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने बाहेर पडले की सीना नदीजवळ नागापूर लागते. एकेकाळचे हे खेडे औद्योगिक वसाहतीमुळे शहराचे उपनगर झाले. कारखान्यांच्या पाळ्यांवर ज्यांचे दिवस उगवले आणि मावळले, अशा घरांतील मुले शिकली, पुण्या-बंगळूरला गेली; काही सातासमुद्रापार पोहोचली. महाराष्ट्रातील बहुतेक औद्योगिक गावांची कथा याहून निराळी नाही. या कथेचा पुढचा अध्याय मात्र क्वचितच चर्चेत येतो. परदेशात जन्मलेले अपत्य आई-वडिलांच्या मायदेशी राहावयास येते, तेव्हा त्याला येथे मित्र कसे मिळतात?

जन्म न्यू जर्सीचा आणि आजोळ नागापूरचे, असा एखादा पंचविशीतला तरुण डोळ्यांसमोर आणावा. मामा स्टेशनवर घ्यायला येतो, मामी औक्षण करते, आठ दिवस पुरणपोळीचे बेत होतात. नात्यांचा हा ठेवा त्याला जन्माने लाभलेला असतो. मैत्रीचे तसे नसते. भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांसाठी सरकारने २००५ च्या सुमारास ओसीआय कार्डाची योजना आणली. त्या कार्डावर येथे आजन्म ये-जा करता येते, राहता येते. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन वारशाने मिळू शकली तरी विकत घेता येत नाही. मैत्रीचा कायदा याहून कडक आहे. ती वारशानेही मिळत नाही आणि विकतही मिळत नाही.

अडचण दोन्ही बाजूंनी असते. आई-वडिलांनी त्याला सांगितलेला देश त्यांनी सोडला त्या वर्षापाशी थांबलेला असतो. त्यांच्या आठवणीतले शहर ‘नगर’. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये बदलले. त्याची मराठी स्वयंपाकघरात आणि देवघरात शिकलेली, शुद्ध पण मोजकी. कट्ट्यावरचा विनोद त्याला दोन क्षण उशिरा कळतो, आणि तोवर हसणे संपलेले असते. दुसरीकडे समवयस्क मुले त्याच्याशी इंग्रजीतच बोलतात, ‘अहो-जाहो’ करतात, पगाराचे आकडे विचारतात आणि शेवटी एक प्रश्न हमखास टाकतात : ‘परत कधी जाणार?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. पण घर समजून आलेल्याला या तीन शब्दांतून एवढेच ऐकू येते की, आपण येथे पाहुणे आहोत.

या अनुभवाचा एक मोठा अध्याय मराठी माणसांनीच लिहिला आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेला, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवला गेलेला बेने इस्रायल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. १९५० च्या परतीच्या कायद्याने पूर्वजांच्या भूमीचे दार ज्यूमात्रांना उघडले होते. तरीही तेथील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली. त्याविरुद्ध या मराठी भाषकांना लढा द्यावा लागला. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाने सांगितले, तेव्हा तो प्रश्न निवळला. कायद्याने दिलेले नागरिकत्व आणि शेजाऱ्याने दिलेले आपलेपण यांत केवढे अंतर असते, हे त्यांच्याइतके कोणास कळले असेल?

ते अंतर कापण्याची वाटही त्या देशाने दाखवली. नवागतांना हिब्रू शिकवणारे ‘उल्पान’ वर्ग १९४९ पासून सुरू झाले. सैन्यसेवेत एकाच राहुटीत मोरोक्कोचा, पोलंडचा आणि कोकणचा तरुण एकत्र राबला. एकत्र घाम गाळणाऱ्यांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. आणि हे करताना त्या समाजाने मराठीही टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्याने इस्रायलमध्ये चालवले.

आपल्याकडे काय करता येईल? त्यासाठी योजना लागत नाही, सवय बदलावी लागते. अशा तरुणाला सत्काराच्या खुर्चीवर बसवू नये, मांडवाचा बांबू धरायला बोलवावे. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला त्याला सोबत न्यावे, रक्तदान शिबिराच्या नोंदवहीवर बसवावे, रविवारच्या क्रिकेटमध्ये बाद झाला तर निःसंकोच बाद द्यावे. त्याच्याशी मराठीतच बोलावे. तो चुकला तर हसावे, पण त्याच्यासोबत. त्यानेही आपल्या जन्मदेशाशी पदोपदी तुलना करण्याचा मोह आवरावा आणि बोलावण्याची वाट न पाहता मैदानावर हजर व्हावे.

मराठीत मैत्रीची मोहोर एका छोट्या शब्दाने उमटते. ‘अहो’चे ‘अरे’ होते, त्या दिवशी पाहुणा घरचा होतो. ‘अरे, उद्या सकाळी सहाला ये, सतरंज्या उचलायच्या आहेत’, असे हक्काने सांगणारा एक जण जरी त्याला नागापुरात भेटला, तरी ‘परत कधी जाणार?’ हा प्रश्न कोणी विचारणार नाही. मामा-मामींनी औक्षण केले; आता ही हाक गल्लीतल्या मुलांनी द्यायची आहे.